निरोप

निधन वार्तेचा एक ठरलेला साचा असतो. मराठवाड्यातलं कुठलंही वर्तमानपत्र उघडा, आतल्या पानावर एखाद्या कोपऱ्यात तो सापडतोच. अमुक अमुक यांचे वृद्धापकाळाने निधन झाले. मृत्युसमयी ते इतक्या वर्षांचे होते. त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, एक मुलगी, सुना, जावई, नातवंडे असा परिवार आहे. ते मनमिळाऊ स्वभावाचे म्हणून परिचित होते. संपलं. ८८ वर्षं पाच ओळींत.

आमचे आजोबा, म्हणजे अण्णा, नोव्हेंबर २०२४ मध्ये नांदेडला गेले. तेव्हा ही वार्ता लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरातला 'कॉम्प्युटरवाला' मी. मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो याचा आमच्या नातेवाईकांच्या हिशोबी अर्थ असा, की टायपिंगची सगळी कामं मला येतात. तर मी बाहेरच्या ओट्यावर बसून मोबाइलवर टाइप करत होतो आणि काका, आत्या, पप्पा मागून सूचना देत होते. 'मनमिळाऊ'पाशी गाडी अडली. काका म्हणाले, टाक, सगळे टाकतात. पप्पा म्हणाले, "अण्णा आणि मनमिळाऊ?" आणि त्या दिवशी घरात पहिल्यांदा कुणीतरी हसलं. हसणारी आत्याच होती, रडता रडता.

शेवटी 'मनमिळाऊ' काढलं आणि त्या जागी 'एसटी महामंडळातील सेवानिवृत्त वाहक' एवढंच लिहिलं. गोवर्धन घाटावर अंत्यसंस्कार झाले, वार्ता छापून आली, कात्रण पप्पांनी पाकिटात ठेवलं. पण त्या पाच ओळींत जे बसलं नाही ते तेव्हापासून डोक्यात फिरतंय. आज शनिवार आहे, रिलीज काल रात्री निघालं, फोन शांत आहे. म्हणून लिहून काढतो.

मोठ्या माणसांची सोय असते हो. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावानं विद्यापीठ आहे, विष्णुपुरीच्या धरणाचं पाणी शंकरराव चव्हाणांच्या नावानं 'शंकरसागर' म्हणून ओळखलं जातं. कंडक्टरच्या नावानं काय असणार? त्यानं फाडलेली तिकिटं लोकांनी उतरल्या उतरल्या टाकून दिलेली असतात.

अण्णांचा जन्म १९३६चा, कंधार तालुक्यातल्या एका खेड्यातला. तेव्हा आमचा भाग निजामाच्या राज्यात. सप्टेंबर १९४८मध्ये पोलीस ॲक्शन झाली तेव्हा ते १२ वर्षांचे होते. त्या दिवसांबद्दल ते फारसं बोलायचे नाहीत. बोलायचे ते पैशांबद्दल. निजामाचा रुपया तो 'हाली' आणि इंग्रजांचा तो 'कलदार'. सात हाली म्हणजे सहा कलदार. हा हिशोब त्यांना वयाच्या ८५व्या वर्षीही तोंडपाठ होता. पुढे आणे गेले, १९५७ साली नवे पैसे आले. एका माणसानं तिशीच्या आत इतक्या नाण्यांचा हिशोब शिकायचा म्हणजे त्यानं कंडक्टर तरी व्हावं नाहीतर सावकार. सावकार व्हायला भांडवल लागतं :-)

१९६१मध्ये मराठवाड्यातली सरकारी बसवाहतूक एसटी महामंडळात सामील झाली आणि पुढच्याच वर्षी अण्णा वाहक म्हणून लागले. १९९४ला निवृत्त होईपर्यंत ३२ वर्षं. त्यातली बहुतेक वर्षं नांदेड-लातूर रस्त्यावर. नांदेड, लोहा, माळेगाव, अहमदपूर, चाकूर, लातूर. आज हा प्रवास तीन तासांच्या आसपास होतो. तेव्हा चार तासही कमी पडायचे, कारण एसटी कुणालाही, कुठंही, हात दाखवला की थांबायची.

त्यांचं काम मला इंजिनियरिंगला गेल्यावर कळलं. म्हणजे त्याआधी मला वाटायचं कंडक्टर तिकिटं फाडतो, डबल बेल देतो, झालं. खरं काम वे-बिलाचं. निघताना पेटीतल्या प्रत्येक दराच्या तिकिटाचा पहिला नंबर लिहायचा. वाटेत ठरावीक टप्प्यांवर चालू नंबर लिहायचा. शेवटी उरलेला नंबर, फाटलेली तिकिटं आणि पिशवीतली रक्कम, हे सगळं एकमेकांशी जुळलं पाहिजे. एक रुपया कमी असला तरी पदरचा भरायचा, आणि जास्त असला तरी उत्तर द्यायचं. वाटेत कुठंही तपासणी पथक चढू शकतं, त्यामुळे हिशोब 'शेवटी बघू' असं चालत नाही. तो कुठल्याही क्षणी जुळलेला असावा लागतो. आम्ही लोक हेच काम करायला डेटाबेस लावतो आणि त्याला भारी इंग्रजी नावं देतो. अण्णा ते हलत्या गाडीत, एका हातानं दांडी धरून, कानाला पेन्सिल लावून करायचे.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

अण्णांची ड्यूटी मुक्कामी गाडीची असायची. दुपारी एकच्या सुमारास नांदेडहून निघायचं, पाचच्या आसपास लातूर, तिथून उदगीर किंवा निलंग्याची एक फेरी, रात्री लातूरला मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं परत. म्हणजे महिन्यातल्या जवळजवळ निम्म्या रात्री घरी नाहीत. इकडे नांदेडला गाडीपुऱ्यात भाड्याच्या दोन खोल्या, तीन पोरं आणि माय. माय म्हणजे माझी आजी. पप्पा तिला माय म्हणतात म्हणून आम्हीही मायच म्हणतो.

फोन नव्हता. शेजारीपाजारीही कुणाकडे नव्हता. पण माय सांगायची, की त्या ३२ वर्षांत एकही रात्र अशी गेली नाही की अण्णा कुठं आहेत हे तिला माहीत नव्हतं.

कसं? तर लातूरला पोचलं की अण्णा नांदेडकडे निघणाऱ्या गाडीच्या कंडक्टरला सांगायचे, घरी निरोप द्या. ती गाडी रात्री नऊ-साडेनऊला नांदेडला यायची. तो कंडक्टर पैशांचा भरणा करून घरी जाता जाता आमच्या दाराची कडी वाजवायचा. "वैनी, निरोप हाय. लातूरला पोचले, पाच धाला." एवढंच. माय आतूनच 'बरं' म्हणायची आणि मग जेवायला बसायची. निरोप येईपर्यंत ती जेवत नसे. अण्णांना हे माहीत होतं, म्हणून ते निरोप चुकवत नसत.

आणि हे नुसतं सांगून सोडून देणं नव्हतं. दुसऱ्या दिवशी डेपोत त्या कंडक्टरला गाठून अण्णा विचारायचे, "दिलाव का निरोप? काय म्हणल्या?" तो "बरं म्हणल्या" असं म्हणाला की हिशोब जुळला. मी ज्या टीममध्ये काम करतो तिथं आम्ही दिवसभर हेच करतो. एका मशीननं दुसऱ्या मशीनला संदेश पाठवायचा, आणि पोच आल्याशिवाय तो पोचला असं धरायचं नाही. मी हे अण्णांना एकदा समजावून सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "मग तुला पगार कशाचा देतेत?"

हे निरोपाचं जाळं दोन्ही बाजूंनी चालायचं. दुपारी माय पोरांपैकी कुणाला तरी स्टँडवर पिटाळायची आणि तीनच्या गाडीबरोबर लातूरला डबा जायचा. कुणाची बाळंतीण अडली, कुणाची परीक्षा संपली, कुणाचं लग्न ठरलं, सगळं त्या रस्त्यावरून एसटीच्या खिडकीतून या गाडीतून त्या गाडीत जायचं. दोन गाड्या समोरासमोर आल्या की ड्रायव्हर खिडकीला खिडकी लावून क्षणभर थांबायचे ना, ते बऱ्याचदा याचसाठी. तुमच्यापैकी जे गावाकडून आलेत त्यांनी हे पाहिलं असेल.

आता एवढं सगळं ऐकून तुम्हाला वाटेल, की वा, काय नवरा, काय बाप. पप्पांना मात्र असं वाटत नाही. म्हणजे वाटत नसे. आणि त्यांची बाजू सांगितल्याशिवाय हे लिहिणं म्हणजे 'मनमिळाऊ' लिहिण्यासारखंच होईल.

आमच्या भागात मार्गशीर्षातली अमावास्या म्हणजे येळवस, वेळा अमावास्या. दिवाळीपेक्षा मोठा सण म्हटलं तरी चालेल. लातूर शहर त्या दिवशी अक्षरशः रिकामं होतं, दुकानं बंद, सगळे कुणाच्या ना कुणाच्या शेतात. कडब्याची कोप करायची, पूजा करायची, मग भज्जी, उंडे, आंबील, खीर. पुण्याच्या मित्रांना भज्जी म्हटलं की कांदाभजी डोळ्यांसमोर येते. ती नव्हे. ही डाळी, हिरवे दाणे, पालेभाज्या, सगळं एकत्र शिजवून केलेली. असो, तो स्वतंत्र विषय आहे.

तर याच सुमाराला माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरते. लाखो लोक, घोडे, उंट, गाढवं, तमाशाचे फड. माळेगाव नेमकं नांदेड-लातूर रस्त्यावर. त्यामुळे एसटीच्या जादा गाड्या, आणि जादा गाड्यांवर अण्णा. त्यांच्यावर कुणी सक्ती केली नव्हती. जादा कामाचे पैसे मिळायचे, त्यात तीन पोरांच्या पुढच्या वर्षाच्या फिया निघायच्या, म्हणून ते स्वतःहून नाव द्यायचे. पप्पांच्या सगळ्या लहानपणात कंधारच्या शेतातल्या येळवशीला अण्णा फक्त दोनदा होते. पप्पा म्हणायचे, "आम्हाला निरोप यायचा. बाप यायचा नाही."

ही तक्रार खोटी नाही. पैसे नसते मिळवले तर पप्पा शिकले नसते, हेही खोटं नाही. दोन्ही गोष्टी एकाच वे-बिलावर लिहिलेल्या आहेत आणि मला वाटतं त्यांची बेरीज शून्य होत नाही.

१९९३ उजाडेपर्यंत पप्पा लातूरला शाळेत शिक्षक झाले होते, गंजगोलाईच्या मागच्या बाजूला एका खोलीत राहायचे. लग्न झालेलं, माझी ताई तीन महिन्यांची. मी अजून यायचा होतो. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती, रात्री उशिरापर्यंत विसर्जन चाललं. अण्णांचा मुक्काम त्या रात्री लातूरच्याच डेपोत. ३० तारखेला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. किल्लारी लातूरपासून चाळीसेक किलोमीटर. तिकडे दगड-मातीची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली, हजारो माणसं गेली. पण त्या क्षणी लातूरला कुणालाच नीट काही माहीत नव्हतं. शहर रस्त्यावर आलेलं, अंधार, पोरांची रडारड.

डेपोत नांदेडची पहिली गाडी निघायच्या तयारीत होती. नांदेडलाही धक्का जाणवला होता, म्हणजे माय काळजीत असणार. सोबतचे म्हणाले, निरोप देऊन टाका, पोरं बरी आहेत म्हणून. अण्णा म्हणाले, "न बघता निरोप देणार नाही." आणि त्या गाडीच्या लोकांना थांबायला सांगून चालत निघाले.

पुढचं पप्पा सांगायचे. ते, आई आणि ताई रस्त्याच्या मधोमध गोधडी टाकून बसले होते. अण्णा अंधारातून आले, खाकी पँट आणि वर बनियन. समोर उभे राहिले. कंडक्टर सीट मोजतो तसं बोटानं मोजलं, एक, दोन, तीन. ताईच्या डोक्याला हात लावला. "पाणी हाय का?" म्हणाले. आहे म्हटल्यावर वळले आणि गेले. दोन मिनिटं पण थांबले नाहीत. "बाप आला, मोजून गेला," हे पप्पांचं त्यावरचं वाक्य. बरीच वर्षं ते तसंच सांगायचे, थोडं हसून, थोडं कडवट.

नांदेडला आठच्या सुमारास कडी वाजली. "वैनी, निरोप हाय. तिघंबी बरे हाइत. बघून आलेत." माय सांगते, की त्या 'बघून आलेत' या दोन शब्दांवर तिनं विश्वास ठेवला. कारण त्या सकाळी गल्लीत प्रत्येकाकडे काही ना काही बातमी येत होती आणि प्रत्येक बातमी वेगळी होती. अण्णा स्वतः त्यानंतर माणसं आणि सामान नेणाऱ्या गाड्यांवर किल्लारीच्या बाजूला गेले. घरी तिसऱ्या दिवशी आले. तिथं काय पाहिलं ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, मायलासुद्धा नाही. त्यानंतर दोन-चार दिवस ते फक्त अंगणात झोपले, एवढं ती सांगायची.

पुढच्या वर्षी निवृत्त झाले. मी जन्मलो तो १९९७ला, म्हणजे मला मिळाले ते सबंध अण्णा. आजोबा म्हणून ते बापापेक्षा बरेच बरे होते असं पप्पांचंही मत आहे. दहावी-बारावी लातूरला 'लातूर पॅटर्न'मध्ये काढली आणि २०१५ला मी इंजिनियरिंगला नांदेडला आलो, विष्णुपुरीच्या श्री गुरु गोबिंदसिंगजी कॉलेजात. तोवर अण्णांनी सिडकोत छोटं घर घेतलं होतं. चार वर्षं तिथंच राहिलो. नियम एकच: कितीही वाजता ये, पण किती वाजता येणार ते सांगून जा. मित्र हसायचे. पण अण्णांनी कधी 'एवढा उशीर का' असं विचारलं नाही. अकरा सांगितलं आणि अकराला आलो की ते जागे असत आणि काही बोलत नसत. उशीर त्यांना चालायचा. वाट बघणाऱ्या माणसाला अंदाज करत बसवणं चालायचं नाही.

त्यातलं २०१६चं साल विसरता येत नाही. मांजरा धरण कोरडं पडलं, लातूरचे नळ बंद झाले आणि मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. देशभर टीव्हीवर दाखवलं. अण्णा तेव्हा ८० वर्षांचे. त्यांनी दहा-दहा लिटरचे दोन कॅन घेतले, नांदेडच्या घरच्या नळाचं पाणी भरलं आणि एसटीत बसून लातूरला निघाले, अर्धं तिकीट काढून. मी म्हटलं मी जातो. म्हणाले, "तुझी परीक्षा हाय. माझी नाही." पप्पा त्यांना बघून चिडलेच. अण्णा, रेल्वेनं लाखांनी पाणी येतंय, तुम्ही या वयात वीस लिटर काय आणता? अण्णा म्हणाले, "ते गावाला. हे घराला." त्या उन्हाळ्यात ते सहा वेळा गेले. प्रत्येक वेळी पोचल्यावर मायला फोन. आता फोन होता, पण वाक्य तेच: "पोचलो. अकरा चाळीसला."

आणि मग माय विसरायला लागली.

२०१८च्या आसपास सुरुवात झाली असावी. आधी दुधाचा हिशोब, मग नावं, मग वार. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश सांगितला. अण्णांनी ८२व्या वर्षी स्वयंपाक शिकला. भाकरी त्यांना कधी जमली नाही, पण खिचडी आणि पिठलं जमलं. मायची वेणी घालायला शिकले. त्यासाठी मी त्यांना यूट्यूबवर व्हिडिओ लावून दिला होता, तो ते गंभीरपणे, चष्मा लावून, थांबवून थांबवून बघायचे. आत्या म्हणाली मी मायला घेऊन जाते. नाही म्हणाले. बाई ठेवू म्हटलं, धुण्याभांड्यापुरती ठेवली.

संध्याकाळ झाली की माय अस्वस्थ व्हायची. दाराशी जाऊन उभी राहायची. "गाडी आली का?" लॉकडाऊनमध्ये एसटी बंद होती तेव्हा अण्णा खरं तेच सांगायचे, "आज गाड्याच बंद हाइत." ते तिला पटायचं. पण एरवी ते म्हणायचे, "अगं, हा काय मी इथंच हाय," आणि ती त्यांच्याकडे परक्यासारखं बघायची. "तुम्ही कोण? आमचे हे डूटीवर गेलेत."

पन्नास-साठ वर्षांच्या संसारानंतर हे ऐकणं काय असेल, याचा अंदाज मी करत नाही. त्यांनी काय केलं तेवढं सांगतो, कारण ते मी डोळ्यांनी पाहिलंय. २०२१च्या दिवाळीत मी घरी होतो. रात्रीचे नऊ-सव्वानऊ. माय दाराशी, जेवायला तयार नाही. अण्णा उठले, मागच्या दारानं बाहेर गेले, घराला वळसा घालून पुढच्या दाराशी आले आणि कडी वाजवली.

"वैनी, निरोप हाय. लातूरला पोचले. पाच धाला."

माय म्हणाली, "बरं." आत आली आणि जेवायला बसली.

अण्णा परत मागच्या दारानं आत आले आणि तिच्या शेजारी पाट घेऊन बसले. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "खोटं नाही. पोचलेलाच हाय की मी."

हे ते तीन वर्षं करत होते. रोज नाही, पण आठवड्यातून तीन-चारदा. पाऊस असला की छत्री घेऊन. ऑगस्ट २०२२मध्ये ७५ वर्षांवरच्या लोकांना एसटीचा प्रवास मोफत झाला, तेव्हा अण्णा मला घेऊन हौसेनं लोह्यापर्यंत जाऊन आले. कंडक्टर पोरगा म्हणाला, आजोबा बसा, तुम्हाला फुकट आहे. तर अण्णांनी आधार कार्ड पुढं करून शून्य रुपयाचं तिकीट मागून घेतलं. वे-बिल जुळलं पाहिजे म्हणाले. पण त्याही दिवशी संध्याकाळी सहाच्या आत त्यांना घरी यायचं होतं. नऊला निरोप द्यायचा होता ना.

ते गेल्यावर प्रश्न हाच उभा राहिला. तेराव्यापर्यंत घरात माणसं होती, माय गोंधळलेली होती, पण फारसं विचारत नव्हती. चौदाव्या दिवशी रात्री नऊला दाराशी उभी. गाडी आली का?

पप्पांनी खरं सांगितलं. तिचा हात धरून, नीट, हळू. ती खूप रडली. दुसऱ्या दिवशी तिला काहीच आठवत नव्हतं, आणि नऊला परत दाराशी. पप्पांनी परत सांगितलं. ती परत तेवढीच रडली, पहिल्यांदा ऐकल्यासारखी, कारण तिच्यासाठी ते पहिल्यांदाच होतं. काका म्हणाले, दादा, रोज विधवा करतोस तिला. आत्या म्हणाली, अण्णा सांगायचे तेच सांग ना, लातूरला पोचले म्हणून. डॉक्टरही म्हणाले की पुन्हा पुन्हा सांगू नका.

पप्पा अडून बसले. ज्या माणसानं भूकंपाच्या पहाटे न बघता निरोप दिला नाही, त्याच्या नावानं मी खोटा निरोप देऊ? मला गंमत वाटली (गंमत हा शब्द बरोबर नाही, पण दुसरा सुचत नाही), की ज्या माणसाला आयुष्यभर निरोपाचा राग होता तोच आता त्याच्या नियमासाठी भांडत होता. त्याच रात्री त्यांनी ताईला सांगितलं, की अण्णा त्या पहाटे मोजून गेले तेव्हा त्यांचा हात थरथरत होता. हे त्यांनी आधी कधीच सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पप्पा नऊ वाजता मागच्या दारानं बाहेर गेले. आम्ही आत बसून ऐकत होतो. कडी वाजली. बराच वेळ काहीच आवाज नाही. मग पप्पा म्हणाले,

"माय, निरोप हाय. पोचले."

कुठं ते नाही. किती वाजता ते नाही. फक्त पोचले.

मायनं क्षणभर वाट बघितली, वेळ ऐकायची सवय होती तिला. मग म्हणाली, "बरं. जेवून घ्या तुम्ही बी." पप्पा पुढच्याच दारानं आत आले आणि तिच्या शेजारी बसून जेवले.

मे महिन्यात पप्पांनी शाळेतून निवृत्त होण्याआधीची शिल्लक रजा टाकली होती. आता ते आणि आई नांदेडलाच असतात, लातूरचं घर भाड्यानं दिलंय. माय ८४ वर्षांची आहे. निरोप रोज लागत नाही, आठवड्यातून दोन-तीनदा लागतो. मी शनिवार-रविवारी गेलो की कडी वाजवायचं काम माझं. पहिल्यांदा वाजवली तेव्हा मी चुकून 'आजी' म्हणालो, तर आतून विचारणा झाली, "कोण हाय? नेहमीचे नाहीत वाटतं." मी म्हटलं, "नवीन लागलोय." यावर माय म्हणाली, "बरं बरं. संभाळून जा. रस्ता खराब हाय अहमदपूरपर्यंत."

रस्ता आता चांगला झालाय. मी तिला सांगितलं नाही.